एका फुटाला एक इंच

१४ जुलै १९५८, सोमवार

मुख्याध्यापक नारायणरावांनी मधल्या सुट्टीत बोलावलं. सतरा सप्टेंबरला निजामाचा अंमल जाऊन दहा वर्षं होतात. शाळेत प्रदर्शन भरवायचं. मधोमध काय ठेवायचं — तर पोलिस ॲक्शनला आपल्या ओढ्यातून गेलेला रणगाडा. लाकडाचा, पण मापात. म्हणाले, "खेळणं नको मास्तर. एका फुटाला एक इंच. चाक न् चाक, खिळा न् खिळा खरा पाहिजे. बघणारानं म्हणावं, हाच तो."

आणि मग ते वाक्य आलंच. "तुमच्याइतका जवळून गावात पाहिलाय कुणी?"

मी चित्रकला आणि सुतारकाम शिकवतो. त्यामुळं नाही म्हणायला दुसरं कारणही सापडेना. हो म्हणालो.

१५ जुलै

ही वही कुलपात असते. इथं तरी खरं लिहावं.

मी रणगाडा पाहिलेला नाही.

त्या दिवशी, १३ सप्टेंबर १९४८, सकाळपासून मी आमच्या खळ्यावरच्या पेवात बसून होतो. धान्य साठवायचं पेव — जमिनीत खणलेलं, दीड पुरुष खोल, निम्मं जोंधळ्यानं भरलेलं. वय सतरा. भीती वाटली म्हणून बसलो, दुसरं कारण नाही. आवई होती की फौज आणि रझाकार आपल्याच शिवारात भिडणार. सोलापूरच्या सडकेनं रणगाडे नळदुर्गाकडं चालले होते. पुढचा पूल उडवणार अशी बातमी आली म्हणून त्यातला एक आमच्या गावाकडं वळवला. तो ओढा उतरून पलीकडं गेला. मला नुसती घरघर ऐकू आली, आणि वरची माती डोक्यावर पडत होती.

दिवस मावळताना बाहेर आलो. गल्लीत बोलणं चाललं होतं — आपल्यातलाच कुणीतरी रणगाड्यापुढं चालला, ओढ्याचा उतार दाखवला, नाहीतर गाडीवाटेच्या काळ्या रानात पोटापर्यंत रुतला असता. कोण ते कुणाला माहीत नव्हतं. दारात नाना उभे. "कुठं होतास?" माझ्या तोंडून निघून गेलं — ओढ्यावर. मीच उतार दाखवला.

नाना म्हणजे माझे वडील, विष्णुपंत. निजामाच्या अमलात गावचे पटवारी. महिन्याभरानं नव्या सरकारचा अंमलदार तहकीकातीला आला — कोण पटवारी रझाकारांना सामील होता, कोण नव्हता. नानांनी मला पुढं केलं. "हा माझा मुलगा. ह्यानंच आपल्या फौजेला वाट दाखवली." अंमलदारानं माझी पाठ थोपटली. नानांची पटवारकी राहिली. गेल्या वर्षी सन्मानानं सुटले.

तेव्हापासून मी उतार दाखवणारा. माझ्या लग्नात सासऱ्यांनी हेच चार पाहुण्यांत सांगितलं. खरं बाहेर आलं तर माझं हसं होईल, ते मी सोसेन. पण नाना सदुसष्टचे आहेत. चावडीवरून जाताना लोक अजून उठून उभे राहतात. ते उठणं त्या दिवसापासून बंद.

आणि आता मला न पाहिलेली वस्तू खिळ्याखिळ्यानं खरी करायची आहे.

१६ जुलै

वनमालेला सांगितलं, रणगाडा करायचाय. बायको माझी भोळी. म्हणाली, "तुम्हाला तर तोंडपाठ असेल."

२० जुलै, रविवार

"जरा पडताळून बघायचंय" म्हणत गावात फिरलो. युक्ती बरी आहे. आपल्याला काही ठाऊक नाही असं दिसत नाही, उलट मास्तर किती काटेकोर असं लोकांना वाटतं.

लिंबाजी आमच्या रानाशेजारचा. बोलण्यात त्याचा हात धरणारा गावात नाही. चाकं किती? "एका अंगाला सात." चहा होईपर्यंत पाच झाली. तोफ केवढी? "ह्या लिंबाएवढी." वर माणसं किती? "ईस तर असतीलच की." ईस! वऱ्हाडाचा गाडा होता का काय. शाळेचा शिपाई बलभीम म्हणतो चाकं नव्हतीच, नुसता पट्टा फिरत होता. एकजण म्हणाला मागून धूर निघत होता, दुसरा म्हणाला पुढून.

निघताना लिंबाजी म्हणाला, "तुमी पुढं हात करत चाललाव ते म्या ह्या डोळ्यांनी बघितलं. पांढरं धोतर, डोईला काळी टोपी."

मी पेवात होतो. चड्डीवर.

सात जणांना विचारलं, सात रणगाडे झाले. आणि सातही जणांनी मला पाहिलंय.

२७ जुलै, रविवार. सोलापूर

धोंड्याचा महिना. सासुरवाडीचं बोलावणं टाळता येत नाही. जावयाला तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन, आणि सासऱ्यांचं तेच — "आमचे जावई बरं का, रणगाड्यापुढं चालले होते." शेजारचे वकील आले होते, त्यांनी मान डोलावली. मी अनारसा खात राहिलो.

दुपारी वाचनालयात गेलो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या एका इंग्रजी साप्ताहिकाचे बांधीव अंक आहेत. तीन तास चाळले तेव्हा फोटो सापडला. हलका रणगाडा, अमेरिकी बनावटीचा, नाव स्टुअर्ट. ग्रंथपालांनी चष्मा पुसून बघितलं. "हेच. अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात हेच इथं उभे होते. मी रोज सायकल थांबवून बघत होतो." फोटोखाली बारीक अक्षरात मापं — लांबी चौदा फूट दहा इंच, रुंदी सात फूट चार इंच. मला इतका आनंद झाला की ग्रंथपालांचा हातच धरला.

पातळ कागदावर सगळं उतरवून घेतलं. घोटाळा एकच. फोटो समोरून तिरका काढलाय. बाजूची चार चाकं स्पष्ट दिसतात. त्यामागं काय आहे ते धुरळ्यात गेलंय.

३ ऑगस्ट, रविवार

धड झालं. आंब्याची फळी, वरून रॉकेलच्या डब्याचा पत्रा. सरस उकळायला घेतला तर वनमाला स्वयंपाकघराच्या दारात आडवी. "हे जनावराच्या कातड्याचं ना? माझ्या चुलीवर नाही." अंगणात तीन विटा मांडून उकळला. वास मारुतीच्या देवळापर्यंत गेला म्हणे.

नाना ओट्यावर बसून बघत होते. मग म्हणाले, "एवढा जीव कशाला काढतोस? तू बैलगाडी केलीस तरी लोक हो म्हणतील. तू सांगशील तो रणगाडा."

म्हटलं, "माप चुकायला नको नाना."

"माप कोण बघतं," म्हणाले, आणि अडकित्ता शोधायला आत गेले.

६ ऑगस्ट

टाचण्यांची डोकी कापून रिव्हेट बसवले. आज एकशे चाळीस. डोळे गेले कामातून.

१० ऑगस्ट, रविवार

चार चाकं बसवली. पलंगाचे पाय कातणाऱ्याकडून चकत्या कातून घेतल्या, एकीला पावणेदोन इंच. पट्ट्याला जुन्या मोटारीच्या टायरचे तुकडे, चांभाराकडून सारखे कापून घेतलेले. तोफेला मोडक्या छत्रीची दांडी.

हरणाबाई शेळीचं दूध घेऊन आली. नानांना खोकल्यावर लागतं. गायरानात राहणाऱ्या बिराप्पा धनगराची ही बायको. दूध ओतता ओतता ओट्यावरच्या रणगाड्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मास्तर, ह्याचं येक चाक कमी हाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"आमच्या मानसानं. त्येनं मापलाय की त्यो गाडा. काठीनं."

एवढं बोलली आणि पदर तोंडाला लावला. चरवी तशीच ठेवून निघून गेली.

दिवसभर हात चालला नाही. जवळून पाहणं वेगळं. मापायला थांबलेला रणगाडा लागतो. आणि तो आमच्या शिवारात एकाच जागी थांबला होता, उतारावर.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन झालं आणि तडक गायरानात गेलो. जायला पाच दिवस लावले, हेही लिहून ठेवतो.

बिराप्पा पन्नाशीचा असेल. चार एकर माळ त्यानं एकट्यानं साफ केलाय. वेचलेल्या धोंड्यांचा कमरेएवढा बांध. आत हुलगा आणि तूर, बरी आली आहेत. बाकीचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली जातात, हा जात नाही. रान सोडवत नाही म्हणतो.

"बिराप्पा, रणगाडा मापला होतास म्हणे."

"हरणीचं त्वांड लई सैल हाय," म्हणाला. मला बसायला घोंगडी टाकली. मग आपणहून सांगायला लागला.

मेंढरं उतरतात तिथं ओढ्याच्या तळाला मुरूम आहे, चाक रुतत नाही. पण दोन्ही अंगाला खडक, मधली वाट अरुंद. गाडा मावतोय का नाही? शिपाई हिंदीत ओरडत होते, हा निम्मं मराठी निम्मं कानडी. कुणाला कुणाचं कळेना. शेवटी ह्यानं आपली काठी आडवी धरली आणि रणगाडाच मापला. एक काठी भरली, वर थोडं उरलं. त्या उरलेल्याची काठीवर चाकूनं खाच पाडली. मग ओढ्यात उतरून खडकांमधलं अंतर मापलं. दोन्हीकडं चार-चार बोटं शिल्लक. तेव्हा कुठं हात केला — या म्हणून.

काठी अजून आहे. आतून घेऊन आला. मी खिशातली फूटपट्टी काढली. आख्खी काठी पाच फूट तीन इंच. बुडापासून खाचेपर्यंत दोन फूट एक इंच. कागदावर बेरीज केली. सात फूट चार इंच.

फोटोखालचंच माप.

"चाकं किती होती?"

"चार बारकी. आन् मागचं पाचवं, थोरलं. त्ये बी भुईला टेकल्यालं. तेवढंच खडकाला घासलं."

मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुमी न्हवतासा तितं. म्हाईत हाय मला."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. विचारलं, मग दहा वर्षं बोलला का नाहीस? काठी भिंतीला टेकवत म्हणाला, "पंतास्नी इच्यारा."

१६ ऑगस्ट

नानांना विचारलं नाही.

१७ ऑगस्ट

आजही नाही. पाचवं चाक केलं. अडीच इंचाची चकती कातणाऱ्याकडं नव्हती. वनमालेच्या कुंकवाच्या करंड्याचं झाकण बरोबर अडीच भरलं. "घ्या," म्हणाली, "तुमच्या रणगाड्याला माझंही काहीतरी असू दे." चाक बसवल्यावर रणगाडा एकदम भुईवर बसला. इतके दिवस मागून उचलल्यासारखा दिसत होता. कुठं चुकतंय ते कळत नव्हतं.

२४ ऑगस्ट, रविवार

विचारलं.

नाना पूजा आटोपून ओट्यावर सुपारी कातरत होते. मी समोर बसलो आणि म्हणालो, "बिराप्पाला भेटलो होतो." अडकित्ता थांबला नाही.

"मग?"

"त्यानं उतार दाखवला. मी नाही."

"मला ठाऊक आहे. तू पेवात होतास."

सुपारीचं खांड तोंडात टाकून नाना म्हणाले, "पेवातल्या जोंधळ्याचा वास आठ दिवस अंगाचा जात नाही रे. दारात उभा राहिलास तेव्हाच आला."

"मग गावभर सांगितलं कशाला?"

"तू सांगितलंस ते मी सांगितलं. चार माणसांत बापानं पोराला खोटं पाडायचं असतं का?"

दहा वर्षं मी समजत होतो की नाना माझ्यामुळं फसले. आणि ते त्या संध्याकाळपासून सगळं जाणून होते. मला इतका राग आला की रडू आलं. सत्तावीस वर्षांचा मी, ओट्यावर, भर सकाळी. वनमाला दारातून डोकावून आत गेली.

नाना शांतपणे सांगत गेले. दुसऱ्या दिवशी बिराप्पा त्यांच्याकडं आला होता, शिपायांनी दिलेला बिस्किटांचा डबा घेऊन. हे आपल्याला खपायचं नाही, तुम्ही ठेवा म्हणाला. तेव्हाच नानांना कोण ते कळलं. पुढं तहकीकात येणार असं दिसलं तेव्हा त्यांनी बिराप्पाला बोलावून घेतलं. तू बोलायचं नाहीस, आणि तू बसला आहेस तो गायरानाचा तुकडा, सर्वे नंबर एकोणसाठ, चार एकर, तो तुझ्या वहिवाटीला लावतो. दर वर्षीची पाहणी पटवारीच लिहितो — कोणतं रान कोण कसतं ते. त्यात नाव चढलं की रान हळूहळू त्याचं होतं.

"त्याला जमीन मिळाली, तुला नाव मिळालं, माझा दाणापाणी राहिला. ह्यात कुणाचं बिघडलं ते सांग."

अजून विचार करतोय.

२६ ऑगस्ट

नारायणराव रणगाडा बघायला घरी आले. हरखले. बोटानं रिव्हेट मोजत होते. मग म्हणाले, एवढा खरा झालाय तर पुढं माणूस पाहिजे. मातीचा, सहा इंचाच्या आत. पांढरं धोतर, काळी टोपी. "तुम्हीच तुम्हाला करा मास्तर."

३१ ऑगस्ट

ठरवलं. सतरा तारखेला सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. नानांच्या नोकरीला आता कुणी हात लावू शकत नाही. लोक चार दिवस बोलतील. नाना माझ्याशी बोलणार नाहीत, कदाचित कधीच. पण बिराप्पाचं नाव त्याला मिळेल. हे लिहितानाच हात हलका झाला.

आधी बिराप्पाला सांगायला हवं.

७ सप्टेंबर, रविवार

सांगितलं. मला वाटलं होतं त्याचा चेहरा फुलेल.

तो धोंडे वेचत होता. पाटी खाली ठेवली. "नगा मास्तर."

"अरे पण तूच —"

"म्याच. म्हाईत हाय. पर माझ्या लेकरांच्या तोंडचा घास काढू नगा. पंतांचं बयान खोटं म्हनून निघालं तर पंतांचा कागद कोन खरा मानंल? जिमीन जाईल. हिच्या जिवावर म्या मेंढरं इकली. दोन पोरी उजवल्या. नाव घिऊन काय चाटू?"

हरणाबाई खोपीच्या दारात उभी होती. तीही हात जोडून म्हणाली, "तेवढी मेहेरबानी करा."

शब्द दिला. बोलणार नाही.

परत येताना काय वाटलं ते खरं लिहितो. हायसं वाटलं. गप्प बसायचं, आणि तेही बिराप्पाच्या भल्यासाठी! इतकं सोयीचं पुण्य मला आजवर कधी मिळालं नव्हतं.

११ सप्टेंबर

रंग. लिंबाजी हिरवा म्हणतो, हरणाबाई म्हणते चिखलाचा, म्हैस डबक्यातून उठल्यावर दिसते तसा. दोघंही खरे असणार. खाली हिरवा दिला. ओढ्यातला गाळ आणून, गाळणीतून गाळून, सरसात कालवून पट्ट्यांना आणि पोटाला लावला. वाळल्यावर असा दिसला की मीच दोन पावलं मागं सरलो. न पाहिलेल्या वस्तूची ओळख पटते म्हणजे काय ते आज कळलं.

पोळ्याची गडबड आहे. नाना जेवताना समोर बसतात, मीठ मागतात, वाढलं की हूं म्हणतात. त्यापलीकडं बोलणं नाही.

१३ सप्टेंबर

आज बरोबर दहा वर्षं.

मातीचा माणूस केला. पांढरं धोतर, काळी टोपी घालायला हात धजेना. बोलणार नाही असा शब्द दिलाय. करणार नाही असा दिलेला नाही. खांद्यावर घोंगडी, डोक्याला मुंडासं, हातात काठी. काठी सव्वापाच इंच. बुडापासून दोन इंच आणि वर इंचाचा बारावा हिस्सा मोजून ब्लेडनं खाच पाडली. भिंग लावल्याशिवाय दिसत नाही. पण आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

तुळजापूरहून तहसीलदार आले. शाळेच्या मोठ्या खोलीत रणगाडा मधोमध, हिरव्या कापडावर. खाली पुठ्ठ्यावर नारायणरावांच्या वळणदार अक्षरात पाटी — 'प्रत्यक्षदर्शी श्री. राघवेंद्र मास्तर यांनी साकारलेली हुबेहूब प्रतिकृती'.

गर्दी लोटली. म्हाताऱ्या बायका आल्या, त्यांनी रणगाड्याला हळदकुंकू वाहिलं. मला माझ्या रंगाची काळजी. एकीनं बोटं मोडून दृष्ट काढली.

मातीच्या माणसाकडं आधी नारायणरावांचं लक्ष गेलं. "हे काय मास्तर? हा तर धनगर दिसतोय." मी तोंड उघडायच्या आत मागून लिंबाजी बोलला, "आवो, पाऊस न्हवता का त्या दिशी? मास्तरांनी घोंगडं घेतलं व्हतं. म्या बघितलं की!" दोघातिघांनी हो हो केलं. एकाला तर मुंडासंही आठवलं. नारायणराव म्हणाले, "अरे वा, इतकं बारीक!"

मी खरं तेच ठेवलं होतं समोर. लोकांनी तेही माझ्याच अंगावर घातलं.

मग तहसीलदारांनी दोन शब्द बोलायला सांगितलं. उभा राहिलो. नाना पहिल्या रांगेत, कोट घालून, टोपी मांडीवर. बिराप्पा दाराशी, वहाणा हातात घेऊन. मी चाकांबद्दल बोललो. चार लहान, पाचवं मोठं, तेही जमिनीला टेकणारं, ते फोटोत दिसत नाही. मग मला राहवलं नाही. म्हणालो, "रुंदीचं माप ज्या माणसानं मला दिलं, त्याच्यामुळंच हा रणगाडा खरा झालाय. त्याचं नाव सांगायची मला परवानगी नाही."

तहसीलदारांनी गंभीरपणे मान हलवली आणि शेजारी नारायणरावांच्या कानात म्हणाले, पण मला ऐकू आलं — "लष्करातलं असेल कुणीतरी. बरोबर आहे, अशी नावं सांगत नसतात." टाळ्या पडल्या. नाना टाळ्या वाजवत नव्हते. टोपीची घडी घालत होते.

सगळे चहाला गेल्यावर बिराप्पा आत आला. रणगाड्याभोवती फिरला. वाकून मागच्या चाकाकडं बघितलं. "ह्ये बराबर केलंसा." मातीच्या माणसापुढं थांबला. डोळे पुसले, घोंगडीच्या टोकानं.

मग हळूच म्हणाला, "तुमी सबूद पाळला. आता येक काम करा. जिमिनीच्या कागदाची नक्कल काढून द्या. लेकाच्या नावानं काय ते करून ठिवावं म्हंतो. धा वर्सांत कंदी मागितली न्हाय. पंतांकडं जीभ रेटंना. वाटंल की इस्वास न्हाय."

काढून देतो म्हणालो.

१८ सप्टेंबर

नाना जेवताना म्हणाले, "प्रदर्शन चांगलं झालं." महिन्यातलं पहिलं वाक्य. सोमवारी नक्कल आणायला तुळजापूरला चाललोय असं सांगितलं. कोणाची ते विचारलं. बिराप्पाची म्हणालो. ताक वाढायला वनमाला पुढं झाली तर हातानं नको म्हणाले आणि उठले.

२२ सप्टेंबर, सोमवार. तुळजापूर

तहसील कचेरी. सर्वे नंबर एकोणसाठ. अठ्ठेचाळीसपासून नऊ वर्षांच्या पाहण्या काढायला लावल्या. सगळ्या नानांच्या हातच्या, कुठं शाईचा डाग नाही. कसणाराच्या रकान्यात पहिल्या वर्षी 'गायरान, पडीक'. दुसऱ्या वर्षी तेच. नवव्या वर्षी तेच. बिराप्पाचं नाव एकाही कागदावर नाही.

कारकुनाला तीनदा विचारलं. तीनदा त्यानं तोच रकाना दाखवला.

नक्कल घेतली. बिराप्पाला वाचता येत नाही. मलाच वाचून दाखवावी लागेल.